वाळक्या काडीवरचा वंश

डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडून कापणीला आलं की तिच्या कामाचा खरा हंगाम सुरू होतो. पावसाळाभर फुलपाखरं आणि चतुर टिपणारी हौशी मंडळी तोवर शहरात परतलेली असतात. साताऱ्याच्या पश्चिमेला सड्यांची, कुरणांची, मालकीच्या गवतरानांची जी गावं आहेत, तिथे ती कीटकांच्या नोंदी करत फिरते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची सोय केली. त्या वहीत झाडं, पक्षी, पिकांची वाणं यांची पानं भरलेली सापडतात. कीटकांचं पान मात्र मधमाशी, फुलपाखरू आणि पिकावरची कीड इतक्यावरच थांबलेलं असतं. ते पान पुढे लिहिणं हे तिचं काम. त्यातही तिचा जीव जडला तो मँटिसवर, पुढचे दोन पाय जोडून बसणाऱ्या प्रार्थना कीटकावर. खंडोबाचा किडा म्हणूनही तो ओळखला जातो.

मँटिस पाहिला नाही असा माणूस या गावांत मिळणार नाही. पाऊस ओसरला की तो ओसरीच्या दिव्याजवळ येतो, तुळशीवर बसतो, मान वळवून माणसाकडे बघतो. जगात त्याच्या सुमारे २,५०० जाती आहेत, भारतात दीडशेहून अधिक. झुरळं आणि वाळवी हे त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक. एवढा ओळखीचा कीटक, पण त्याच्याबद्दल विचारलं तर बहुतेकांना दोनच गोष्टी ठाऊक असतात: तो हात जोडतो, आणि मादी नराला खाते. तिच्या मते मँटिस टिकणार की नाही हे तिसऱ्याच एका गोष्टीवर ठरतं, आणि ती गोष्ट कुणी बघितलेली नसते. वाळक्या काडीला चिकटलेला, बोटाच्या पेराएवढा एक तपकिरी कोश.

त्या कोशापर्यंत पोचायला आधी कीटक समजून घ्यावा लागतो, आणि कीटक समजायला तो दिसावा लागतो. फुलपाखरू उडतं, नाकतोडा उडी मारतो. मँटिस बसून राहतो, आणि हललाच तरी वाऱ्याने डुलणाऱ्या पानांच्या लयीत हलतो. म्हणून तिची शोधायची पद्धत वेगळी आहे. करवंदीच्या नाहीतर घाणेरीच्या जाळीखाली उलटी छत्री धरायची आणि फांदीवर काठीने हलके टोले द्यायचे. छत्रीत कोळी पडतात, सुरवंट पडतात, पानढेकूण पडतात, आणि मधूनच क्रिओब्रोटर या मँटिसचं पिल्लू पडतं, पोट पाठीकडे वळवून बसलेलं. गवतात जाळी फिरवली तर स्किझोसेफाला मिळण्याची आशा असते. तो इतका सडपातळ की हातात आल्यावरही पातं कुठे संपलं आणि कीटक कुठे सुरू झाला हे शोधावं लागतं. झाडाच्या खोडावर हंबर्टिएला असतो, सालीच्या रंगाचा, चपटा. माणूस खोडाला वळसा घालू लागला की तोही सरकत पलीकडच्या बाजूला जातो. अशा वेळी ती दोन्ही बाजूंनी दोघींनी जायचं ठरवते. गावातली एखादी शाळकरी मुलगी सोबतीला हमखास असते.

शाळेत ती मँटिस घेऊन जाते तेव्हा पहिली हाक ठरलेली.

"बाई, हा माझ्याकडंच बघतोय!"

समोरच्या मुलाला तसं वाटतं, डावीकडच्याला तसंच, उजवीकडच्यालाही. डोळ्यातला तो काळा ठिपका म्हणजे बाहुली नव्हे. मँटिसचा प्रत्येक मोठा डोळा हजारो बारीक डोळ्यांचा बनलेला असतो. त्यातले जे नेमके पाहणाऱ्याच्या दिशेला रोखलेले असतात, ते आत शिरलेला प्रकाश शोषून घेतात, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. पाहणारा सरकला की ठिपकाही सरकतो. या दोन डोळ्यांच्या मधे कपाळावर आणखी तीन नेत्रिका असतात. हे सांगितलं की मुलं जवळ येऊन मोजू लागतात, आणि पाच डोळे मोजून होईपर्यंत भीती पळालेली असते.

मग ती त्यांना चष्म्याची गोष्ट सांगते. १९८३ साली सॅम्युएल रॉसेल या संशोधकाने मँटिसच्या डोळ्यांसमोर लोलक बसवून दाखवलं, की दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांमधल्या फरकावरून त्याला भक्ष्य किती लांब आहे ते कळतं. त्यानंतर इंग्लंडमधल्या न्यूकासल विद्यापीठात जेनी रीड यांच्या गटाने हा धागा पुढे नेला. विवेक नित्यानंद आणि सहकाऱ्यांनी मँटिसच्या डोळ्यांवर मधमाशीच्या मेणाने एकीकडे निळा आणि दुसरीकडे हिरवा असे इवलेसे पारदर्शक पडदे चिकटवले, आणि त्याला पडद्यावर चित्रपट दाखवला. साध्या सपाट चित्राकडे त्याने दुर्लक्ष केलं. तेच चित्र पडद्यातून पुढे आल्यासारखं दाखवलं तेव्हा त्याने झडप घातली. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट उघड केली: माणूस दोन डोळ्यांतल्या चित्रांचा तपशील जुळवून खोली ओळखतो, मँटिस मात्र चित्रात कुठे बदल होतोय तेवढंच जुळवतो. हलणाऱ्या भक्ष्यावर जगणाऱ्या प्राण्याला तेवढं पुरतं. मुलांपैकी एखादी मुलगी लगेच विचारते, मग न हलणारी माशी त्याला दिसत नसेल का? हा प्रश्न आला की तास चांगला झाला असं ती समजते.

रात्रीचं काम निराळं. दोन बांबूंना पांढरी चादर ताणून बांधायची, समोर मर्क्युरीचा दिवा लावायचा आणि वाट बघायची. आधी तुडतुडे येतात, मग पतंग, भुंगेरे. मँटिस उशिरा येतात, आणि येतात ते जवळपास सगळे नर. अंड्यांनी जड झालेली मादी उडत हिंडत नाही. अनेक जातींत तिचे पंखच आखूड असतात. ती एका जागी बसून हवेत गंध सोडते, आणि नर अंधारात त्या गंधाच्या मागावर उडतात. त्याच अंधारात वटवाघळंही शिकारीला निघालेली असतात.

चादरीच्या आसपास वटवाघळं फिरू लागली की एखादा मँटिस उडता उडता एकदम दिशा बदलून गिरक्या घेत गवतात कोसळतो. तो थकलेला नसतो, त्याने ऐकलेलं असतं. मँटिसला कान असतो हे कितीतरी काळ कुणाला माहीत नव्हतं, कारण तो कुठे शोधायचा हेच कळत नव्हतं. डेव्हिड येगर आणि रोनाल्ड हॉय यांनी १९८६ मध्ये तो शोधून काढला. छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मधोमध एका खाचेत तो असतो, आणि असतो एकच. एका कानाने आवाजाची दिशा कळणं कठीण. पण वटवाघळाचा अतिशय उच्च पट्टीतला, माणसाला न ऐकू येणारा आवाज आला की तिथून सुटायचं, एवढं त्याने कळतं. ज्या जातींत फक्त नर उडतात, तिथे नराचा कान तल्लख आणि मादीचा मंद असतो. चादरीवर बसलेला नर उचलून तिने टॉर्चच्या उजेडात उलटा धरला की ती बारीक खाच दिसते. दर वेळी ती सोबतच्या माणसाला ही खाच दाखवते. गुराख्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांनी ती वाकून पाहिलेली आहे.

चहाच्या टपरीवर मात्र प्रश्न एकच: "मादी नराला खाती, ह्ये खरं का?"

खरं आहे, पण दर वेळी नाही. मादी भुकेली असली तर धोका वाढतो. पोट भरलेलं असलं तर नर बहुधा सुखरूप परततो. तो येतोही जपून, मागच्या बाजूने, मधे मधे थांबत. केनेथ रोडर यांनी १९३५ मध्येच दाखवलं होतं, की डोकं गेलं तरी नराच्या शरीराची मिलनाची हालचाल चालू राहते, कारण ती रोखून धरणारं केंद्र डोक्यातल्या मज्जागुच्छात असतं. २०१६ मध्ये विल्यम ब्राउन आणि कॅथरीन बॅरी यांनी चिनी मँटिसवर प्रयोग करून आणखी पुढचं उत्तर दिलं. त्यांनी नरांच्या शरीरातलं द्रव्य मागावर राहता येईल अशी खूण लावून ठेवलं आणि ते कुठे जातं ते तपासलं. खाल्लेल्या नराचं द्रव्य मादीच्या अंड्यांत उतरलेलं होतं, आणि ज्या माद्यांनी नर खाल्ला होता त्यांनी न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त अंडी घातली होती. टपरीवर हे सांगितलं की क्षणभर सगळे गप्प होतात. मग कुणीतरी म्हणतं, "म्हंजी पोरांसाठीच गेला की तो." ती मान डोलावते आणि बोलणं अंड्यांकडे वळवते. तिला तिथेच यायचं असतं.

अंडी घालताना मादी काडीला उलटी, डोकं खाली करून धरते. पोटाचं टोक डावी-उजवीकडे फिरवत ती एक द्रव सोडते आणि तो घुसळून त्यात हवा भरते. धार काढताना चरवीत येतो तसा पांढरा फेस काडीवर चढू लागतो. त्या फेसात ती ओळीने अंडी बसवत जाते. काम तासन्तास चालतं. सकाळपर्यंत फेस सुकून तपकिरी, कडक होतो. आत अंड्यांच्या ओळी, बाहेर हवेच्या पोकळ्यांचं कवच, आणि वरच्या बाजूला पिल्लांना निघायची अरुंद वाट. जातीप्रमाणे कोशाचा घाट बदलतो. कुणाचा गोल फुगीर, कुणाचा लांबट. कुणी काडीला वेढून बसवतं, कुणी दगडाच्या पोटाला चिकटवतं. एका कोशात पंधरा-वीस अंडीही असतात आणि मोठ्या जातींत दोनशेच्या पुढेही.

मादी काही आठवड्यांत मरते. तिच्या मागे तिचं जे काही उरतं, ते या काड्यांवर.

कोश सापडला की ती आधी नोंद करते: कुठलं झाड किंवा गवत, जमिनीपासून उंची, उन्हाकडे तोंड की सावलीकडे. बहुतेक कोश तिथेच ठेवून ती पुढे जाते. थोडेच घरी आणते, काडीसकट, आणि तोंडाला मलमल बांधलेल्या बरणीत उभे करते. एक दिवस कोशातून अळीसारखे बारीक जीव वळवळत बाहेर येतात, तंतूंना लोंबकळतात, लटकलेल्या अवस्थेतच पहिली कात टाकतात आणि तासाभरात सहा पायांवर पांगतात. काही जातींची पिल्लं या वयात काळी आणि मुंगीसारखी दिसतात, त्यामुळे मुंग्या टाळणारे भक्षक त्यांनाही टाळतात. पांगवली नाहीत तर ती एकमेकांनाच खातात. म्हणून ती प्रत्येकाला वेगळ्या डबीत ठेवते आणि पिकलेल्या केळ्यावर वाढवलेली चिलटं खायला घालते.

काही बरण्यांत मात्र पिल्लं निघतच नाहीत. त्याऐवजी मलमलीखाली बारीक, चमकदार गांधीलमाश्या फिरू लागतात. पोडॅग्रिऑन नावाच्या या गांधीलमाशीची मादी लांब अंडनळी फेसाच्या कवचात घालून मँटिसच्या अंड्यांत आपली अंडी घालते. मँटिबॅरिया नावाची दुसरी गांधीलमाशी त्याच्याही पुढची: ती मँटिसच्या मादीच्याच अंगावर बसून प्रवास करते, आणि फेस ओला असतानाच आत शिरते. या माश्या आल्या म्हणून ती हळहळत नाही. पोडॅग्रिऑनची अख्खी पिढी मँटिसच्या कोशावर अवलंबून असते. एक काडी जळाली की दोन्ही वंश जातात. नोंदवहीत ती दोघांनाही जागा देते.

वाढवण्याचं कामही सोपं नाही. पिल्लू वाढताना सहा ते नऊ वेळा कात टाकतं, आणि दर वेळी त्याला उलटं लटकायला आपल्या लांबीच्या दुप्पट तरी मोकळी जागा लागते. हवा फार कोरडी असली तर कात अर्धवट अडकते आणि पाय वाकडे होतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा. एवढी निगा राखायचं कारण नाव. पिल्लावरून जात नक्की करता येत नाही. पुढच्या पायांवरचे काटे, पंखांच्या शिरा, नराची जननेंद्रियं, हे सगळं शेवटच्या कातीनंतरच नीट तपासता येतं. जूनमध्ये निघालेल्या पिल्लाचं नाव पावसाळा सरता सरता कळतं, आणि तेही आधीच्या माणसांनी गोळा केलेले नमुने जपून ठेवले असतील तरच.

ते जपलेले आहेत. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये काम करणाऱ्या जेम्स वुड-मेसन यांनी १८८९ आणि १८९१ मध्ये मँटिसची सूची दोन भागांत प्रसिद्ध केली. तिच्यातली वर्णनं आजही उघडून बघावी लागतात. १९९५ मध्ये मुखर्जी, हाजरा आणि घोष यांनी भारतातल्या मँटिसची सूची नव्याने मांडली आणि १६२ जाती नोंदवल्या. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा कीटकसंग्रह आहे. टाचणीवर बसवलेला, चिठ्ठीवर गाव आणि तारीख लिहिलेला शंभर वर्षांपूर्वीचा मँटिस बघताना तिला नेहमी एक प्रश्न पडतो: त्या गावाचं ते गवतरान आज आहे का? जुनी चिठ्ठी जातीचं नाव सांगतेच, शिवाय ती जात कुठल्या जागेवर जगत होती याचा पुरावाही देते.

जागेचं महत्त्व किती, हे एका जुन्या प्रयोगाने फार स्पष्ट केलं आहे. इटलीत दी चेस्नोला यांनी हिरवे आणि तपकिरी मँटिस रेशमाच्या धाग्याने गवताला बांधून ठेवले. १९०४ मध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केला. हिरव्या गवतावरचे वीस हिरवे आणि वाळलेल्या गवतावरचे वीस तपकिरी, सगळे सतराव्या दिवशी जिवंत होते. वाळलेल्या गवतावर बांधलेले पंचवीस हिरवे अकराव्या दिवसापर्यंत सगळे मेले होते. हिरव्या गवतावरच्या पंचेचाळीस तपकिऱ्यांपैकी फक्त दहा वाचले. मरणाऱ्यांपैकी बहुतेक पक्ष्यांच्या तोंडी गेले होते. मँटिसचा रंग ही त्याची एकट्याची मालमत्ता नव्हे. अर्धं संरक्षण त्याच्या अंगावर असतं आणि अर्धं शेजारच्या गवतात. गवत गेलं की अंगावरचा रंग उलट त्याला उघडा पाडतो.

फेब्रुवारीपासून डोंगरांवर वणवे दिसू लागतात. कुणी नवं गवत लवकर फुटावं म्हणून पेटवतं, कुणाची विडी पडते, कुणी नुसती गंमत म्हणून काडी ओढतं. वणवा उतार चढून गेला की दुसऱ्या दिवशी ती तिथे जाते. कुसळीच्या, पवन्याच्या बुडख्यांवर काळे पडलेले कोश सापडतात; बोटाने दाबले की चुरा होतो. दगडांच्या पोटाखालचे काही वाचलेले असतात. फुलपाखरू दुसऱ्या डोंगरावरून उडत येऊ शकतं. आखूड पंखांच्या मँटिस मादीला मात्र जळालेल्या रानात परत यायचं तर पायी यावं लागतं, आणि वाटेत डांबरी रस्ता, नांगरलेलं शेत नाहीतर प्लॉटिंगची भिंत असली तर ती येत नाही.

रस्त्यांचा धोका आणखी एका अंगाने आहे. पाणवठ्याजवळ सापडलेल्या मँटिसच्या पोटातून कधी कधी दोऱ्यासारखा लांब, काळपट कृमी बाहेर येतो. कॉर्डोडिस या कुळीतले हे कृमी मँटिसच्या शरीरात वाढतात आणि पूर्ण वाढ झाली की त्याला पाण्यात उडी मारायला लावतात, कारण त्यांचं पुढचं आयुष्य पाण्यात असतं. जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं, की अशा बाधित मँटिसला पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा, आडव्या ध्रुवणाचा प्रकाश ओढून घेतो. २०२४ मध्ये त्यांनी पुढची गोष्ट सांगितली: डांबरी रस्त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशही तसाच असतो, आणि हे मँटिस पाणी समजून रस्त्यावर येतात. तिथे कृमी सुकून मरतो आणि मँटिस चाकाखाली जातो. घाटरस्त्यावर चिरडलेला मँटिस दिसला की ती आता त्याची जागा आणि जवळचा ओढा किती लांब आहे तेही लिहून ठेवते.

मँटिस जपायचा म्हणजे तो सगळीकडे सोडायचा, असा मात्र अर्थ नाही. अमेरिकेत मँटिसचे कोश बागेतली कीड मारायला म्हणून विकले जातात. मँटिस कीड आणि मित्र यांत फरक करत नाही. तो मावा खाणारा किडा खातो, मधमाशी खातो, फुलपाखरू खातो. २०१७ च्या एका अभ्यासात मँटिसने लहान पक्षी पकडल्याच्या १३ देशांतल्या १४७ नोंदी गोळा झाल्या. त्यात मोठा वाटा अमेरिकेतल्या हमिंगबर्डचा. कर्नाटकात एका गच्चीवरच्या बागेतल्या छोट्या तळ्यावर हायरोड्युला या मँटिसच्या एका नराने पाच दिवसांत नऊ गप्पी मासे पकडून खाल्ले. ही नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमध्ये १९७८ साली दक्षिण आफ्रिकेतला मायोमँटिस काफ्रा सापडला. तिथल्या मूळच्या जातीचे नर या परक्या मादीच्या गंधाकडे ओढले जातात आणि ती त्यांना खाऊन टाकते. ज्या मातीतला मँटिस, त्या मातीतच त्याला जागा हवी.

जिथे लोकांनी मनावर घेतलं आहे, तिथे ते जागेपासूनच सुरू झालं. स्पेनमधला अप्टेरोमँटिस हा बिनपंखी मँटिस युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशात समाविष्ट आहे. त्याला एका रानातून दुसऱ्या रानात उडून जाता येत नाही, म्हणून त्याचं रक्षण म्हणजे ते रान राखणं. जर्मनीत युरोपीय मँटिसला कायद्याचं संरक्षण आहे. एके काळी तिथे तो काइझरश्टूलसारख्या उबदार टापूपुरता होता. हवामान तापत गेलं तसा उत्तरेकडे सरकत बर्लिनपर्यंत पोचला. २०१७ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडने त्याला वर्षाचा कीटक म्हणून निवडलं. तिथे मँटिसचं रक्षण करताना कोरडी, उघडी गवताळ जमीन झुडपांनी भरू नये म्हणून ती चारली किंवा कापली जाते, पण एकाच वेळी सगळी नाही.

सह्याद्रीच्या उतारांवरही पेच तोच आहे. गवत कधीच कापू नका असं सांगणं तिला पटत नाही. कापणी आणि चराई थांबली की काही वर्षांत घाणेरी आणि रानमोडी शिरतात, आणि गवतातल्या जातींना तेही मानवत नाही. शिवाय गवत ही गुरांची वर्षाची वैरण आहे. तिचं म्हणणं एवढंच, की दर वर्षी रानाचा एखादा पट्टा पाऊस पडेपर्यंत उभा राहू द्यावा, आणि पुढच्या वर्षी दुसरा.

हे म्हणणं ती माणसांपुढे मांडते तेव्हा खरी कसोटी लागते. एका गवतरानात ती वाकून काड्या तपासत होती. रानाचे मालक, सत्तरीतले काका, पेंढ्या बांधता बांधता थांबले.

"काय हरवलंय का, ताई?"

तिने हातातली काडी पुढे केली. काकांनी कोश बोटांत धरून बघितला. "ह्ये व्हय. पेंढीत लई येत्यात. आमाला वाटायचं मातीचा गोळा चिकटलाय."

तिने आत काय असतं ते सांगितलं. मग पट्ट्याचं विचारलं. काकांनी लगेच होकार दिला नाही. त्यांचा प्रश्न बरोबर होता: उभं वाळलेलं गवत ठेवलं आणि शेजारच्या डोंगरावरून वणवा आला तर तोच पट्टा आग घरापर्यंत आणणार. वनखातं जाळरेषा काढतं ती डोंगरमाथ्यावर, खाली मालकीच्या रानाला कोण विचारतो? तिच्याकडे याला पुस्तकी उत्तर नव्हतं. दोघं रानभर फिरले. शेवटी ओढ्याकडेचा भाग ठरला. एका बाजूला ओलावा, दुसऱ्या बाजूला दगडी बांध, आणि मधलं गवत चार हात रुंद कापून घ्यायचं म्हणजे आग तिथवर पोचणार नाही. मारवेल गवतही तिथेच दाट होतं, आणि कोशही तिथेच जास्त दिसले होते.

त्या पट्ट्याची नोंद आता गावाच्या वहीत आहे, रानाच्या नावासकट. जात, झाड, उंची या रकान्यांपुढे तिने एक रकाना वाढवला: या वर्षी उभं ठेवलेलं गवत कुठे. पहिली ओळ काकांच्या रानाची आहे. तिच्याखाली शेजारच्या वाडीतल्या दोन रानांची नावं पेन्सिलीने लिहिली आहेत, कारण त्यांचे मालक मुंबईला असतात आणि त्यांना अजून विचारायचं आहे. गणपतीला ते गावी येतात. काका म्हणाले आहेत की त्यांच्याशी तेच बोलतील, तिने फक्त कोशाची एक काडी आणून द्यावी.